शेत कोणाचे, सावज कोणाचे?

अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता पातूर ओलांडताच घाट चढू लागतो. खाली वऱ्हाडची काळी जमीन आणि वर झुडपी जंगलाचे डोंगर. या दोहोंच्या सीमेवर ज्याचे शेत आहे, त्याला रोही आणि रानडुक्कर यांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. रात्ररात्र जागल करूनही तुरीचा आणि हरभऱ्याचा काही वाटा त्यांच्या मुखी जातोच. सातबाऱ्यावर नाव आपले. मग त्या शेतात शिरलेल्या जनावरावर हक्क कोणाचा? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

ज्याने रान तोडून जमीन लागवडीस आणली त्याचे शेत आणि ज्याचा बाण प्रथम लागला त्याचे हरीण, असा निवाडा मनुस्मृतीत आढळतो. रोमन विधिशास्त्रही वन्य पशूला, तो धरला जाईपर्यंत, कोणाचाच मानीत नसे. मात्र परक्या शिकाऱ्यास आपल्या जमिनीत येण्यास मनाई करण्याचा अधिकार मालकाला होता. पुढे युरोपात राजे व सरदार यांनी शिकार स्वतःसाठी राखून ठेवली. जर्मनीत 1848 च्या क्रांतीने हा विशेषाधिकार मोडला आणि शिकारीचा हक्क जमिनीशी जोडला. आजही तेथे सामान्यतः सलग 75 हेक्टर जमीन असलेल्या मालकाचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. लहान मालकांना मात्र एकत्र संघात राहावे लागते. अशा देशात शिकारीसाठी जमीन विकत घेण्यास अर्थ असतो.

आपल्याकडे वाट निराळी झाली. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी पद्धत रुजली. शेजारच्या नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजार हा गावच्या जंगलाचा धनी असे. वऱ्हाडातील बहुतेक गावांत असा धनी नव्हता. शेत रयतेचे, जंगल सरकारचे. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे वा फासे लावणे हा 1927 च्या वन कायद्यानेही गुन्हाच ठरविला. साहेब आणि संस्थानिक रीतसर परवाना काढून बंदूक चालवीत. ज्याच्या नावातच फास आहे, त्या फासेपारध्याजवळ मात्र ना सातबारा होता, ना परवाना. एकाचा तो छंद होता, दुसऱ्याची भाकरी होती.

स्वातंत्र्यानंतर जमीन आणि शिकार, दोन्ही बाजूंनी दारे बंद होत गेली. विदर्भासाठी 1958 साली झालेल्या कुळवहिवाट कायद्याने, शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यासाठी सरकारी परवानगीची अट घातली. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मोठ्या मालकीलाच मर्यादा आणली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे परवाने अजून शिल्लक होते. 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले. दरम्यान 1988 मध्ये या परिसरात काटेपूर्णा अभयारण्य घोषित झाले. छंदासाठी शिकार करण्याचा हक्क आज कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

शेतकऱ्यासाठी एक अरुंद वाट तेवढी उरली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण हाती बंदूक आली म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली, असे नाही. वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमानुसार, अधिक कडक संरक्षण नसलेले जनावर उभ्या पिकास धोकादायक ठरले आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच तो कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीने मारलेले जनावरही 39 व्या कलमान्वये शासनाचीच मालमत्ता ठरते. शेत शेतकऱ्याचे, नुकसान शेतकऱ्याचे, जनावर शासनाचे!

बंदुकीच्या हौसेपासून रान वाचविले, हे कायद्याने योग्यच केले. ते रान पुढच्या पिढीचेही आहे. परंतु या पुण्यकर्माचा खर्च दोन एकरांच्या धन्यावर आणि धंदा गमावलेल्या पारध्यावर टाकून समाजाने स्वस्थ बसावे, हा न्याय नव्हे. जनावर सर्वांचे असेल, तर त्याने खाल्लेल्या तुरीची किंमतही सर्वांनी मोजली पाहिजे. वेळेवर मिळणारी भरपाई आणि अर्जाला मिळणारे तत्पर उत्तर हे उपकार नव्हेत. ते समाजावरचे ऋण आहे.