हाउस बिल २ (नॉर्थ कॅरोलायना)

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा २०१६ चा कायदा; 'बाथरूम बिल' या नावानेच तो जास्त गाजला. पारलिंगी व्यक्तींना आपल्या लिंगभावानुसार स्वच्छतागृह वापरू देणारा नियम शार्लट शहराने फेब्रुवारीत केला. तो अमलात येण्याआधीच, २३ मार्चला, विधिमंडळाने एका दिवसाच्या खास अधिवेशनात हा कायदा करून तो मोडीत काढला. सरकारी कचेऱ्या व शाळांमधील सामायिक स्वच्छतागृहे जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच वापरायची, असे बंधन आले. समर्थकांचा भर स्त्रिया व मुलींची सुरक्षितता आणि खासगीपणा यांवर होता. विरोधकांच्या मते खरा धोका पारलिंगी व्यक्तींनाच होता. शिवाय दाखल्यावर 'स्त्री' अशी नोंद असलेल्या दाढीवाल्या पुरुषाला बायकांच्या स्वच्छतागृहात जावे लागणार होते. दारावर दाखला तपासणार कोण, याबद्दल कायदा गप्पच होता. शहरांचा किमान वेतन ठरवण्याचा अधिकारही त्यात जाता जाता काढून घेतला होता. त्याची चर्चा मात्र कमीच झाली. कायद्याच्या निषेधार्थ पेपॅल कंपनीने शार्लटमधले ४०० नोकऱ्यांचे नियोजित केंद्र रद्द केले, एनबीए या बास्केटबॉल संघटनेने तिथला २०१७ चा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला हलवला. कायद्यावर सही करणारे गव्हर्नर पॅट मॅक्रोरी नोव्हेंबरच्या निवडणुकीत थोडक्यात हरले. मार्च २०१७ मध्ये कायदा रद्द झाला, पण स्वच्छतागृहांबाबत नियम करण्याचा अधिकार विधिमंडळाने स्वतःकडेच ठेवला.