उंचावलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांतील चालनप्रणालीचे फेरबदल

वाहनाची चॅसी उंच स्प्रिंगांनी वर उचलल्यावर आणि मोठ्या व्यासाचे टायर बसवल्यावर, इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांत जे बदल करावे लागतात, त्यांना चालनप्रणालीचे फेरबदल म्हणतात. खडकाळ व चिखलाच्या वाटांवर चालणाऱ्या जीप आणि ट्रकमध्ये ते आढळतात. उंची वाढल्याने बिघडलेले कोन आणि गिअर गुणोत्तर पूर्वपदावर आणणे, हा त्यांचा हेतू असतो.

प्रोपेलर शाफ्टचा कोन

ट्रान्सफर केस चॅसीला जोडलेली असते, तर अखंड ॲक्सलची उंची टायरच्या त्रिज्येवर ठरते. त्यामुळे चॅसी उचलली की या दोहोंना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो. शाफ्ट आडवा असताना एक टोक १० सेंमी उचलल्यास १०० सेंमी लांबीच्या शाफ्टला सुमारे ६ अंशांचा, तर ५० सेंमीच्या शाफ्टला सुमारे १२ अंशांचा कल येतो. म्हणून आखूड शाफ्टच्या वाहनांत ही अडचण तीव्र असते. केवळ बॉडी चॅसीवरून वर उचलल्यास हा कोन बदलत नाही.

युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-अधिक होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असल्यास हे चढउतार परस्परांना छेदतात. अन्यथा कंप निर्माण होऊन जॉइंट झिजतो. उपाय म्हणून ट्रान्सफर केस किंचित खाली घेतात. परंतु त्यामुळे मिळवलेली उंची काही अंशी गमवावी लागते. दुसरा उपाय म्हणजे ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी जॉइंट बसवून डिफरन्शियलचा पिनियन शाफ्टच्या रेषेत वळवणे. २३१ प्रकारच्या ट्रान्सफर केसच्या जीप रँग्लर टीजेमध्ये (१९९७–२००६) सरकता योक काढून स्थिर योक बसवतात. त्यामुळे अधिक लांब शाफ्ट वापरता येतो.

क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर

टायर २९ इंचांवरून ३५ इंचांवर गेल्यास ३.७३ हे गुणोत्तर प्रत्यक्षात ३.०९ इतकेच उरते. चढावर खेच कमी पडते आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असता वाहन सुमारे ७२ च्या वेगाने धावते. मूळ खेच परत मिळवण्यास सुमारे ४.५० गुणोत्तर लागते. बाजारात त्याच्या जवळचे ४.५६ मिळते. पुढील व मागील ॲक्सलचे गुणोत्तर सारखे ठेवावे लागते. नाहीतर चारही चाकांना शक्ती देताच प्रणाली आवळली जाऊन भाग मोडू शकतात. जड टायरांमुळे ॲक्सल शाफ्टवरील ताणही वाढतो, म्हणून ते अधिक बळकट पोलादाचे बसवतात.

पोर्टल ॲक्सल

पोर्टल ॲक्सलमध्ये चाकाजवळच्या गिअरपेटीमुळे ॲक्सल चाकाच्या मध्याहून वर राहतो. जर्मनीतील युनिमॉग हे याचे प्रसिद्ध उदाहरण. शेवटची गतिकपात चाकापाशीच होत असल्याने आतील शाफ्टवर कमी टॉर्क येतो.

सुरक्षितता आणि कायदा

उंची वाढल्याने गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. चालनप्रणालीतील कोणत्याही फेरबदलाने तो दूर होत नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीला दुजोरा दिला.