स्वस्त ब्लूटूथ मॉड्यूल आणि हार्डवेअर डीबगर: पहिला प्रोग्राम टाकण्याआधी चिपशी बोलायला शिका

तुमच्या मोबाईलशी जोडलेला फिटनेस बँड, चावीला लावायचा ट्रॅकर, वायरलेस माऊस, अशा बऱ्याच वस्तूंमध्ये नखाएवढी एक चिप असते. तिच्यात छोटा प्रोसेसर, मेमरी आणि ब्लूटूथचा रेडिओ, सगळं एकत्रच असतं. ॲपलच्या पहिल्या एअरटॅगमध्ये आणि पाईनटाईम या ओपन सोर्स घड्याळात नॉर्डिक सेमीकंडक्टर या नॉर्वेच्या कंपनीची एनआरएफ५२८३२ ही चिप आहे. हीच चिप बसवलेलं मॉड्यूल आपल्यालाही काहीशे रुपयांत मिळतं.

अडचण पुढे येते. मॉड्यूलला यूएसबी नसतं, बटण नसतं, बऱ्याचदा एलईडीसुद्धा नसतो. आर्डुइनोसारखं केबल लावा आणि अपलोड दाबा, असं इथे होत नाही. प्रोग्राम आत टाकायला हार्डवेअर डीबगर लागतो. बरेच जण इथेच घाबरून सोडून देतात, किंवा घाईत काहीतरी जोडतात आणि "मॉड्यूल डेड आहे" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात.

माझ्या ड्रॉवरमध्येही असं एक मॉड्यूल पडून होतं. ते डेड नव्हतं, हे नंतर डीबगरनेच दाखवलं. ती गोष्ट पुढे येईलच. त्यातून शिकलेला नियम मात्र आधीच सांगतो: पहिल्या दिवशी कोड लिहायचा नाही. आधी चिपला तिचं नाव विचारायचं. उत्तर आलं की अर्धी लढाई जिंकली.

## डीबगर म्हणजे नक्की काय?

एनआरएफ५२८३२ मध्ये एआरएमचा कॉर्टेक्स-एम४एफ प्रोसेसर आहे. वेग ६४ मेगाहर्ट्झ, फ्लॅश ५१२ केबी आणि रॅम ६४ केबी. (याच चिपचा २५६ केबी फ्लॅश आणि ३२ केबी रॅमचा छोटा प्रकारही विकला जातो.) अशा प्रोसेसरला एसडब्ल्यूडी नावाचं एक मागचं दार असतं. त्याला फक्त दोन वायर लागतात: एसडब्ल्यूडीआयओ म्हणजे डेटा आणि एसडब्ल्यूसीएलके म्हणजे क्लॉक.

या दारातून तुम्ही प्रोसेसर थांबवू शकता, मेमरीतला कुठलाही पत्ता वाचू शकता, फ्लॅश पुसून नवीन प्रोग्राम लिहू शकता. आत कुठलाही प्रोग्राम नसला तरी हे दार चालतं. त्यामुळे चुकीचा प्रोग्राम टाकला म्हणून चिप कायमची बाद झाली, असं सहसा होत नाही. डीबगर म्हणजे कॉम्प्युटरचं यूएसबी आणि या दोन वायर यांच्यामधला दुभाष्या.

## काय विकत घ्यायचं?

मॉड्यूल: एनआरएफ५२८३२ असलेलं कुठलंही, उदाहरणार्थ ईबाईट कंपनीचं ई७३. नवशिक्यांनी पिना काढून दिलेला ब्रेकआऊट बोर्डच घ्यावा. नुसत्या मॉड्यूलच्या कडेचे पॅड इतके जवळ असतात की ते ब्रेडबोर्डवर बसत नाही, वायर सोल्डर कराव्या लागतात.

एक सावधगिरी: नुसतं "ब्लूटूथ मॉड्यूल" मागितलंत तर दुकानदार एचसी-०५ किंवा एचएम-१० हातात ठेवेल. एचसी-०५ जुन्या क्लासिक ब्लूटूथचं आहे. एचएम-१० मध्ये ८०५१ जातीचा प्रोसेसर असलेली वेगळी चिप असते, तिला एसडब्ल्यूडी कळत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवर घ्या, पासोड्या विठोबाजवळ घ्या की ऑनलाईन, चिपचा नंबर वाचूनच घ्या.

डीबगर: तीन पर्याय आहेत.

- सेगरचा जे-लिंक: उत्तम, पण महाग.
- एसटी-लिंक व्ही२ चा स्वस्त क्लोन: पेनड्राईव्हसारखा दिसतो. रोजचं काम करतो, पण नेहमीच्या पद्धतीने वापरला तर लॉक झालेली नॉर्डिकची चिप त्याला उघडता येत नाही.
- रास्पबेरी पाय पिको: माझी शिफारस हीच. बूटसेल बटण दाबून धरत यूएसबी लावा, पेनड्राईव्ह उघडल्यासारखी खिडकी येईल. त्यात रास्पबेरी पायची अधिकृत "डीबगप्रोब ऑन पिको" फाईल टाका. झाला डीबगर तयार. हा सीएमएसआयएस-डॅप प्रकारचा असतो आणि लॉकही उघडतो.

## वायर जोडणी

पिकोची यूएसबी काढून ठेवा आणि मग जोडा.

- पिको पिन ३ (ग्राऊंड) → मॉड्यूलचं जीएनडी
- पिको पिन ४ (जीपी२) → एसडब्ल्यूसीएलके
- पिको पिन ५ (जीपी३) → एसडब्ल्यूडीआयओ
- पिको पिन ३६ (३.३ व्होल्ट) → मॉड्यूलचं व्हीसीसी किंवा व्हीडीडी

ही चिप १.७ ते ३.६ व्होल्टवर चालते. पिकोच्या पिन ४० वर यूएसबीचे ५ व्होल्ट असतात आणि ती पिन ३६ च्याच रांगेत, मध्ये तीन पिना सोडून आहे. तिथे वायर गेली तर चिप खरंच जळू शकते, आणि त्यावर कुठल्याही कमांडचा इलाज नाही. म्हणून यूएसबी लावण्याआधी पिना दोनदा मोजा. वायरही लहान ठेवा, वीतभर पुरे.

## चिपला नाव विचारा

कॉम्प्युटरवर ओपनओसीडी हे फुकट सॉफ्टवेअर टाका. लिनक्सवर यूएसबीची परवानगी नाकारली गेली तर त्याच्यासोबत येणारी यूडेव्ह नियमांची फाईल बसवावी लागते. खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

ओपनओसीडी सुरू करताना त्याला दोन फाईली सांगायच्या: इंटरफेस फोल्डरमधली "सीएमएसआयएस-डॅप" आणि टार्गेट फोल्डरमधली "एनआरएफ५२". म्हणजे डीबगर कुठला आणि समोरची चिप कुठली. सुरुवातीला वेग कमीच बरा, त्यासाठी "ॲडॅप्टर स्पीड १०००".

सगळं नीट असेल तर स्क्रीनवर एसडब्ल्यूडी डीपीआयडीआर आणि त्यापुढे २बीए०१४७७ हा आकडा दिसतो. दारावर टकटक केली आणि आतून "कोण आहे?" असा आवाज आला, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसरी टर्मिनल खिडकी उघडून टेलनेटने लोकलहोस्टच्या ४४४४ पोर्टवर जा. आधी "हॉल्ट" द्या आणि मग ही कमांड:

एमडीडब्ल्यू ०एक्स१००००१००

एमडीडब्ल्यू म्हणजे मेमरीतला एक शब्द दाखव. या पत्त्यावर कारखान्यातच चिपचं नाव लिहून ठेवलेलं असतं. उत्तर आलं पाहिजे: ०००५२८३२. वायर, व्होल्टेज, डीबगर, सॉफ्टवेअर, सगळं बरोबर असल्याचा हा पुरावा. विक्रेत्याने भलतीच चिप दिली असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

## उत्तर आलं नाही तर?

दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता येतात.

१. डीपीआयडीआरचा आकडाच आला नाही: बहुतेक वेळा वायरिंगची चूक असते. दोन सिग्नल वायर उलट लागल्यात का, ग्राऊंड जोडलंय का, आणि मॉड्यूलच्या पिनांवर मल्टिमीटर ३.३ व्होल्ट दाखवतोय का, ते बघा.

२. आकडा आला, पण मेमरी वाचता येत नाही: चिप लॉक आहे. कंपन्या आपला प्रोग्राम कुणी कॉपी करू नये म्हणून ॲपप्रोटेक्ट नावाचं कुलूप लावतात. ते उघडायची कमांड आहे "एनआरएफ५२_रिकव्हर".

ती देण्याआधी एक क्षण थांबा. हे कुलूप किल्लीने उघडत नाही, घर रिकामं करूनच उघडतं. चिपमधला सगळा प्रोग्राम पुसला जातो आणि तो परत मिळवता येत नाही. नवीन मॉड्यूल असेल तर बिनधास्त करा. पण मित्राचं चालू घड्याळ किंवा घरातलं स्मार्ट कुलूप उघडून त्यावर प्रयोग करत असाल, तर ती वस्तू जुन्या रूपात परत येणार नाही.

नव्या आवृत्तीच्या चिपमध्ये आणखी एक गंमत आहे: तिथे कोरी अवस्था म्हणजेच लॉक. रिकव्हर केल्यावर रीसेट झाली की ती पुन्हा बंद होते. ती कायम उघडी ठेवायला १०००१२०८ या हेक्साडेसिमल पत्त्यावर ५ए ही किंमत लिहावी लागते आणि तुमच्या प्रोग्रामनेही सुरुवातीलाच डीबग दार उघडावं लागतं. चुकून बंद झालीच तर पुन्हा रिकव्हर करा. कोरी चिप पुसण्यात गमावण्यासारखं काही नसतं.

## पहिला प्रोग्राम आणि "डेड" मॉड्यूलची गोष्ट

प्रोग्रामसाठी झेफर ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम वापरा. तिच्यात ब्लूटूथचा पूर्ण स्टॅक आहे आणि तयार उदाहरणंही. बोर्ड म्हणून नॉर्डिकचा एनआरएफ५२डीके निवडा, कारण त्यावर हीच चिप असते. ब्लिंकी हे उदाहरण बिल्ड केलं की बिल्ड फोल्डरमध्ये झेफर.हेक्स ही फाईल तयार होते. ओपनओसीडीची "प्रोग्राम" कमांड ती फाईल चिपमध्ये लिहिते, आणि सोबत "व्हेरिफाय" दिलंत तर तपासूनही घेते. त्या बोर्डाचा एलईडी पी०.१७ या पिनवर असतो आणि पिन शून्य झाली की पेटतो. म्हणून तुमचा एलईडी ३.३ व्होल्ट आणि पी०.१७ यांच्यामध्ये जोडा, सोबत एक किलोओहमचा रेझिस्टर.

मी हे सगळं केलं. नाव बरोबर आलं, प्रोग्राम लिहिला गेला, व्हेरिफायही झाला. एलईडी ढिम्म. पुन्हा बिल्ड, पुन्हा सोल्डर, एलईडी बदलला. दोन रविवार गेले आणि मॉड्यूल ड्रॉवरमध्ये गेलं.

काही महिन्यांनी सुचलं की आपण डीबगरला नुसता हमाल करून ठेवलाय, सामान आत टाकायला. त्याला आत बघायला सांगितलंच नाही. मग एआरएमचा जीडीबी ३३३३ पोर्टवर जोडला, प्रोसेसर थांबवला आणि "बॅकट्रेस" दिलं. पुन्हा चालू केला, पुन्हा थांबवला. प्रत्येक वेळी तो एकाच फंक्शनमध्ये सापडत होता: ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल सुरू होण्याची वाट बघणाऱ्या.

माझ्या मॉड्यूलवर तो क्रिस्टल नव्हताच! पैसे वाचवायला बरीच स्वस्त मॉड्यूल तो गाळतात. नॉर्डिकच्या बोर्डावर तो असतो, म्हणून झेफर निमूटपणे वाट बघत बसला. उपाय एका ओळीचा: प्रोजेक्टच्या कॉन्फिग फाईलमध्ये लो फ्रिक्वेन्सी क्लॉकचा सोर्स "आरसी" करायचा, म्हणजे चिपच्या आतलं घड्याळ वापरलं जातं. एलईडी लगेच लुकलुकू लागला.

असाच दुसरा सापळा डीसी-डीसी रेग्युलेटरचा. त्याला बाहेर इंडक्टर लागतो. तो मॉड्यूलवर नसताना रेग्युलेटर चालू केला तर चिप अडकते. मॉड्यूलच्या सर्किटमध्ये इंडक्टर दिसत नसेल तर सेटिंगमध्ये हा पर्याय बंद ठेवा.

## आता मोबाईल हातात घ्या

झेफरमधलं "बीकन" उदाहरण तेच क्लॉक सेटिंग ठेवून टाका. फोनवर नॉर्डिकचं एनआरएफ कनेक्ट ॲप उघडून स्कॅन करा. यादीत "टेस्ट बीकन" दिसेल. फोन लांब न्या, आरएसएसआयचा आकडा घसरताना दिसेल.

नाव बदलून स्वतःचं, तेही मराठीत, टाकता येतं. पण हिशोब करा: जाहिरातीच्या एका पॅकेटमध्ये ३१ बाइट मावतात, त्यातले २ नावाच्या आधीच्या माहितीला जातात. देवनागरीत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा ३ बाइट घेते. म्हणजे एकूण ९ चिन्हं. "पुणे" मध्ये प, उकार, ण आणि मात्रा मिळून १२ बाइट लागतात, ते आरामात बसतं. "छत्रपती संभाजीनगर" बसणार नाही.

## ब्लूटूथ चालू असताना डीबग करताना

ब्रेकपॉईंट लावून प्रोसेसर थांबवलात की ब्लूटूथचं वेळापत्रक कोलमडतं. जोडलेला फोन काही सेकंदांत कनेक्शन सोडतो. हा तुमच्या कोडचा दोष नाही. अशा वेळी आरटीटी वापरा: प्रोग्राम आपले संदेश रॅममध्ये लिहितो आणि डीबगर प्रोसेसर न थांबवता ते वाचतो. ओपनओसीडीच्या ०.११ आवृत्तीपासून ही सोय आहे. ब्रेकपॉईंट ठेवा रेडिओ सुरू होण्याआधीच्या कोडसाठी.

## लक्षात ठेवायचं एवढंच

- ३.३ व्होल्ट. ५ व्होल्ट कधीच नाही.
- कोडच्या आधी चिपचं नाव विचारा.
- रिकव्हर म्हणजे सगळं पुसणं.
- प्रोग्राम गेला पण चालत नाही? आधी क्रिस्टल आणि डीसी-डीसी तपासा.
- अडकलात तर अंदाज बांधत बसू नका. हॉल्ट करा आणि चिप कुठे उभी आहे ते बघा.

तुमच्याही ड्रॉवरमध्ये एखादं "डेड" मॉड्यूल पडलं असेल तर या रविवारी बाहेर काढा. चार वायर जोडा आणि त्याला नाव विचारा. उत्तर यायची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.