पट्टेवाली पिल्ले आणि त्यांची नावे



रत्नागिरीकडच्या माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाने पावसाळा सरल्यावर एका बरणीत पाच मासे आणून माझ्यापुढे ठेवले. बोटाच्या पेराएवढी पिल्ले. पाठीवरून पोटाकडे उतरलेले तीन काळे पट्टे आणि परांवर तांबूस झाक. "काका, हा कोणता मासा?" त्याने विचारले. मासे पाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. पण मला उत्तर देता आले नाही. ते का देता आले नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे, आणि त्यासाठी सन १८४४ पर्यंत मागे जावे लागते.

त्या साली पॅरिसच्या व्हॅलेन्सिएन या पंडिताने केरळातल्या अलेप्पीच्या एका माशाचे वर्णन छापले. वयात आलेल्या नराच्या पाठीवरच्या परातून लांब तंतू निघतात, म्हणून नाव दिले 'फिलामेंटोसस', म्हणजे तंतूंचा. व्हॅलेन्सिएनने हिंदुस्थान पाहिला नव्हता. त्याच्या मेजावर आले ते मद्यार्कात बुडवून जहाजाने गेलेले नमुने. मद्यार्कात माशाचा लाल रंग विरून जातो, काळा तेवढा तग धरतो. जिवंत मासा कसा दिसतो आणि लहानपणी कसा दिसत होता, हे त्या बाटलीतून कळणार कसे?

पाच वर्षांनी, १८४९ मध्ये, मद्रासकडच्या जेर्डन नावाच्या डॉक्टरने दक्षिणेतल्या गोड्या पाण्यातील माशांवर लिहिले. पक्ष्यांवरील ग्रंथामुळे हा गृहस्थ पुढे अधिक प्रसिद्ध झाला. पण त्याचे एक मोठेपण असे की तो स्वतः नदीवर जात असे. त्याने कावेरीच्या एका माशाला 'अरुलियस' म्हटले, आणि दुसऱ्या एकाला 'असिमिलिस', म्हणजे सारखा दिसणारा. नाव ठेवतानाच घोटाळ्याची कबुली! तो सारखेपणा मोठेपणी थोडाफार तरी सुटतो. फिलामेंटोससचे पट्टे वयाबरोबर मावळतात आणि शेपटीजवळ एक काळा डाग तेवढा उरतो. अरुलियसचे पट्टे मात्र मोठेपणीही टिकतात. बाळपणी सगळ्यांचा पोशाख जवळजवळ एकच. आणि बाजारात येतात ती बहुधा पिल्लेच, कारण ती पकडायला सोपी, पाठवायला हलकी आणि दिसायला देखणी.

या एका गोष्टीने केवढा गोंधळ केला पाहा. १९५४ मध्ये सायलस यांनी ताम्रपर्णी नदीतला अरुलियससारखा एक मासा वेगळा काढला आणि त्याला नदीचेच नाव दिले. हे सायलस पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संचालक झाले. ताम्रपर्णी तिरुनेलवेलीकडची, कावेरी तिच्यापासून पुष्कळ उत्तरेला. परंतु परदेशच्या शौकिनांच्या टाक्यांत हा ताम्रपर्णीचा मासा वर्षानुवर्षे 'अरुलियस' म्हणूनच पोसला गेला, विकला गेला, चित्रांत छापला गेला. कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. पिल्लू पकडणाऱ्याला नदी ठाऊक होती, शास्त्रीय नाव नव्हते; विकणाऱ्याला नाव हवे होते, नदीशी त्याला कर्तव्य नव्हते. आता अरुलियस संकटात आलेल्या जातींत मोडतो. अशा वेळी 'टाक्यांत तो भरपूर आहे' असा दिलासा कोणी दिला, तर तो दिलासा दुसऱ्याच माशाच्या जिवावरचा असतो. आणि अशी पिल्ले उदार मनाने कावेरीत नेऊन सोडली, तर उपकाराऐवजी उपद्रवच होण्याचा संभव अधिक.

गुंता सोडविण्याचे मोठे काम २००५ मध्ये श्रीलंकेचे पेथियागोडा आणि स्वित्झर्लंडचे कोटेलाट या दोघांनी केले. जुने नमुने पुन्हा बाहेर काढून, खवल्यांच्या रांगा मोजून, ओठाजवळच्या मिशा तपासून त्यांनी या गटाची नवी मांडणी केली. केरळातल्या कल्लडा नदीच्या माशाला त्यांनी 'एक्सक्लमेशिओ' असे नाव दिले. त्याच्या अंगावरचा डाग उद्गारचिन्हासारखा दिसतो. २०१२ मध्ये पेथियागोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्यांचे एक निराळे कूळ पाडले, आणि रिचर्ड डॉकिन्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'डॉकिन्सिया' म्हटले. मला मौज वाटते ती या कुळाच्या लक्षणांची. त्यांत पिल्लांच्या अंगावरचे तीन काळे पट्टे आहेत! इतकी वर्षे ज्यांनी फसविले, तेच पट्टे घराण्याची खूण ठरले. पिल्लू पाहून कूळ सांगता येते. जात मात्र सांगता येत नाही.

मग मोठ्या माशांची तरी आपण नीट ओळख करून घेतली होती काय? आपल्या कोकणाचेच पाहा. इथल्या पश्चिमवाहिनी नद्यांतला या कुळातला मासा याद्यांमध्ये दक्षिणेकडच्या जुन्या नावांखालीच मोडत असे. २०२० मध्ये उन्मेष कटवटे, दीपक आपटे आणि राजीव राघवन यांनी तो वेगळा असल्याचे दाखवून दिले. कुळातल्या इतर जातींच्या मानाने त्याचे ठिकाण उत्तरेला, म्हणून नाव 'उत्तरा'. महाभारतातल्या उत्तरेचा येथे काही संबंध नाही, पण नाव कानाला गोड लागते. त्याच वर्षी या कुळात सह्याद्रीतल्या आणखी तीन जातींची भर पडली. म्हणजे १८४४ पासून आपल्या ओढ्यांत हे सारे पोहतच होते. आपण त्यांना दुसऱ्यांच्या नावाने हाका मारीत होतो.

यावरून त्या बरणीकडे परत येतो. पोराने विचारले तेव्हा मी भिंग घेतले, मिशा शोधू लागलो. पण एवढ्याशा हलत्या पिल्लाच्या ओठाशी असलेले ते सूत दिसेल तर शपथ! खवले मोजायचे तर मासा मारावा लागला असता. शेवटी भिंग खाली ठेवले आणि मीच उलट विचारले, "बाळ, हे कुठे सापडले?" त्याने नदीचे नाव सांगितले, पुलाचे सांगितले, पुलाखालचा कातळही सांगितला. मी ते सगळे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवले. तीन पिल्ले त्याने दुसऱ्या दिवशी त्याच कातळाशी नेऊन सोडली. दोन माझ्याकडे आहेत. एकाचा मधला पट्टा आता फिकट पडू लागला आहे.