चर्या
चर्या हे मराठीतील जुन्या वळणाचे स्त्रीलिंगी नाम असून मनातील हर्ष, खेद, भय किंवा क्रोध उमटल्याने चेहऱ्याला जी कळा येते, तिचा ते निर्देश करते. संस्कृत ‘चर्’ (चालणे, वागणे) या धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आचरण असा असून तो दिनचर्या, ऋतुचर्या या आयुर्वेदीय संज्ञांत आजही टिकून आहे. नाक-डोळ्यांची ठेवण स्थिर, तर चर्या क्षणोक्षणी पालटणारी, हा मोलाचा भेद ‘चेहरा’ या सर्वसमावेशक फार्सी शब्दापुढे पुसट झाला. भरताच्या नाट्यशास्त्रातील मुखराग, म्हणजे भावानुसार बदलणारा मुखाचा वर्ण, ही चर्येला जवळची संज्ञा असून मुखरागाचे स्वाभाविक, प्रसन्न, रक्त व श्याम असे चार प्रकार भरताने सांगितले आहेत.