मालवणच्या खाडीत पहिल्यांदाच होडी वल्हवायची आणि गळ टाकायचाय? मग सुरुवात अशी करा

मालवणला येणाऱ्या पर्यटकाचा कार्यक्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीला स्कूबा आणि दुपारी माशाचं ताट. पण संध्याकाळी खाडीवरच्या एखाद्या पुलाच्या कठड्यापाशी किंवा जेटीच्या टोकाला बोटाला दोरी गुंडाळून शांत बसलेली माणसं दिसतात. त्यांना बघून अनेकांना वाटतं, हे आपल्यालाही जमेल का?

इथे याला ‘गरवणं’ म्हणतात. गरी म्हणजे गळ. जाळं लागत नाही, बोट घ्यावी लागत नाही आणि खर्चही काही शे रुपयांचाच. हे जमतं, पण यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून थेट पाण्यावर जाणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. इथे आधी शिकायचं असतं ते पाणी. मासा त्यानंतर.

नदी कुठे संपते, खाडी कुठे सुरू होते?

सह्याद्री आणि समुद्र यांच्यातलं अंतर तळकोकणात फार नाही, त्यामुळे इथल्या नद्या आखूड आहेत. गड नदी कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. कर्ली नदी तारकर्ली-देवबागच्या मागून समुद्राला जवळजवळ समांतर वाहते आणि देवबागच्या टोकाला समुद्रात शिरते. उत्तरेला वाघोटन विजयदुर्गच्या खाडीत उतरते, तर दक्षिणेला तेरेखोल गोव्याच्या हद्दीवर.

या सगळ्या नद्यांमध्ये भरतीचं पाणी आत बरंच लांबपर्यंत घुसतं. म्हणून यांच्या खालच्या भागातलं पाणी पूर्ण गोडंही नसतं आणि पूर्ण खारंही नसतं. ते निमखारं असतं, आणि त्याची चव ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात नदीला वरून पाणी नसतं, तेव्हा खार आत सरकतो. जुलैत पुराचं गढूळ गोडं पाणी थेट मुखापर्यंत येतं. एकाच जागी जानेवारीत आणि सप्टेंबरात वेगळे मासे का लागतात, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

नवशिक्यासाठी ही निमखारी खाडीच सगळ्यात सोयीची. समुद्रासारख्या लाटा नाहीत, काठ दिसत राहतो आणि गरवायला जागाही भरपूर.

भरती-सुकतीचा हिशेब

ओहोटीला मालवणीत ‘सुकती’ म्हणतात. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन सुकत्या होतात, आणि रोज त्यांची वेळ पाऊण-एक तासाने पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मालवण परिसरात पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते. तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी.

मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण कोकणात त्याआधीपासून एक सोपा ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण सुकती. चतुर्थी असेल तर भरती तीनला. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोहोचते. त्यामुळे काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाला “काका, सुकती कधी लागतली?” एवढं विचारणं कोणत्याही अ‍ॅपपेक्षा बरं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण वल्हवणारा नवशिका माणूस सुकतीच्या ओढीविरुद्ध फार वेळ टिकत नाही. जाताना पाण्याबरोबर मजेत गेलेली होडी परत आणताना हात भरून येतात. म्हणून साधा नियम असा, की जाताना पाण्याविरुद्ध जायचं आणि येताना पाण्याबरोबर यायचं. खाडीच्या आतल्या भागाकडे जायचं असेल तर सुकती संपत आल्यावर निघायचं, किंवा भरतीबरोबर आत जाऊन पाणी फिरल्यावर परतायचं.

देवबागच्या संगमासारख्या मुखांवर मात्र नवशिक्याने स्वतः होडी नेऊच नये. सुकतीचं पाणी जोराने बाहेर पडतं, समुद्राच्या लाटा समोरून येतात, आणि दोन्ही जिथे भिडतात तिथे लाटा उंच आणि तुटक होतात. खाली वाळूचे दांडे असतात आणि ते जागा बदलत राहतात. काठावरून हे सगळं फारसं भीतीदायक दिसत नाही. अडचण तीच आहे.

पहिली होडी कुठे आणि कशी?

पहिल्या दिवशी भाड्याने कयाक घेऊन एकट्याने निघण्यापेक्षा वल्ह्याच्या होडीत जाणत्या माणसाबरोबर बसणं चांगलं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. होडी इंजिनाची नाही, वल्ह्याची. ती कशी वळते, उथळात वल्हं कसं धरतात, कांदळाच्या मुळांपासून किती अंतर ठेवायचं, हे बघायला यापेक्षा चांगली शाळा मिळणं कठीण. तारकर्लीत कर्ली नदीच्या पात्रातही बोटिंगची सोय आहे.

होडीत चढताना काठावर पाय देऊन उडी मारायची नाही. वाकून, एक हात होडीला धरून, पाय थेट मधोमध टाकायचा आणि लगेच बसायचं. लहान होड्या बहुतेकदा कलंडतात त्या कुणीतरी फोटोसाठी उभं राहिल्यामुळे किंवा सगळे एकाच बाजूला डॉल्फिन बघायला सरकल्यामुळे. दोन वल्ह्यांची होडी चालवताना पाठ पुढे आणि तोंड मागे असतं, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. काठावरचं एखादं माडाचं झाड होडीच्या मागच्या टोकाच्या रेषेत धरून ठेवलं की होडी सरळ जाते. जोर हातांचा नाही, पाठीचा आणि पायांचा लागतो. फक्त हातांनी वल्हवणाऱ्याचे तळवे अर्ध्या तासात सोलतात.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी पाणी बहुधा शांत असतं आणि दुपारकडे समुद्रावरून वारा वाढतो. सकाळी सातला निघून दहा-अकराला काठावर परतणं हा स्थानिकांचा हिशेब आहे, आणि तो फक्त उन्हासाठी नाही.

आता लाइफ जॅकेट. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. किनारा जवळ आहे म्हणून धोका कमी, हा समज अशा वेळी खोटा ठरतो. जॅकेट मापाचं हवं. सगळे पट्टे लावून खांद्याला धरून कुणीतरी वर ओढलं, तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये. सरकलं तर मोठं आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. गरम होतं म्हणून काढून मांडीवर ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर हाताला लागत नाही. जॅकेट मागितल्यावर “कशाला, पाणी एवढंसंच आहे” असं उत्तर मिळालं, तर त्या होडीत बसू नये. पैसे दिलेले असले तरी.

होडी उलटलीच, तर पोहत काठ गाठायचा प्रयत्न करू नका. बहुतेक होड्या उलटूनही तरंगतात. तिला धरून राहा. पाण्यात एकटं डोकं दिसत नाही, पण होडी लांबून दिसते. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात असू द्या. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, आणि ११२ सगळीकडे चालतो.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी वाहतूक आणि जलक्रीडा थांबवल्या जातात. त्या काळात कुणी ‘आपली ओळख आहे, नेतो’ म्हणालं तरी जायचं नाही.

गरी, तंगूस आणि शिसं

महागडी रॉड आणि रील पहिल्याच दिवशी घेण्यात अर्थ नाही. खाडीत हातदोरीवर शिकलेल्या माणसाला माशाचा स्पर्श बोटाला कळतो, आणि तो नंतर रॉडवरही उपयोगी पडतो. लागतं एवढंच: ३० ते ५० मीटर तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी), सुमारे ०.४० मिमी जाडीची, ती गुंडाळायला लाकडी किंवा प्लास्टिकचं रीळ, काही गऱ्या, शिशाची वजनं, छोटी पक्कड आणि जुना टॉवेल.

गरीच्या क्रमांकावर सगळे फसतात. १० नंबरची गरी ६ नंबरपेक्षा लहान असते. आकडा वाढला की गरी लहान होते. पण १ नंतर १/०, २/० असं सुरू झालं की उलट, आकडा वाढला की गरी मोठी. खाडीतल्या लहान-मध्यम माशांसाठी ४ ते ८ नंबर पुरे.

गाठ एकच शिका. तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवा, मोकळं टोक मूळ दोरीभोवती पाच वेळा फिरवा, मग ते डोळ्याजवळच्या पहिल्या फासातून काढा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी तंगूस ओढताना घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. मोठा मासा निसटला की बऱ्याचदा दोष या कोरड्या गाठीचा असतो.

आमिष म्हणून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सगळ्यात भरवशाची. बाजारातली ताजी, कवचासकट तुकडा करून लावा. गोड्या पाण्यात गांडूळ किंवा कणकेचा गोळा चालतो. गरीचं टोक आमिषातून किंचित बाहेर राहू द्या.

गरवायची वेळ भरतीवर ठरते. पाणी पूर्ण थांबलेलं असताना मासा सुस्त असतो. भरती सुरू झाल्यावरचे पहिले दोनेक तास आणि पाणी फिरतानाची वेळ गरवणारे पसंत करतात. कांदळाच्या मुळांजवळ मासे जास्त, पण गरी अडकण्याची शक्यताही तेवढीच. अडकली तर झाड ओरबाडू नका, तंगूस तोडा आणि हाताला लागेल तेवढी गोळा करून घरी न्या. पाण्यात राहिलेल्या तंगुसात पक्षी आणि कासवं अडकतात, आणि ती वर्षानुवर्षं कुजत नाही.

खाडीत शेंगटी, तांबोशी, काळुंदर हे मासे लागू शकतात, नशीब असेल तर चोणक. बोटभर मासे परत सोडा. सोडताना हात ओले करून धरा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो नंतर जगत नाही.

गोड्या पाण्यात जरा विचारून

तलाव दिसला की गळ टाकला, असं चालत नाही. राज्यातल्या अनेक तलावांची आणि धरणांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यात कटला, रोहूचं बीज संस्थेने पैसे खर्चून सोडलेलं असतं. आधी गावात किंवा मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारणं हा शिष्टाचारही आहे आणि कायदाही.

काही जागा मुळातच गळाच्या नाहीत. धामापूरचा तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. भगवती मंदिराच्या काठावर बसून तो बघावा, गळ बॅगेत ठेवावा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी प्रजाती नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. हा मासा बोटाएवढाही नसतो. तिथे गळ तर नाहीच, पाण्यात उतरणंही नको. समुद्रातही हेच. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग येतो, तिथल्या खडकांवर गरवायला बसू नये.

तेरेखोल आणि कुडाळजवळची भंगसाळ अशा नद्यांत मगरी आहेत. कमरेभर पाण्यात उभं राहून गळ टाकण्याची हौस तिथे करू नका, आणि साफ केलेल्या माशांची घाण काठावर टाकू नका.

पहिल्या पावसातल्या ‘चढणीच्या माशां’चा मोह सगळ्यात मोठा. जूनमध्ये ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढून शेतापर्यंत येतात. रात्री बॅटरी घेऊन ते पकडणं ही कोकणातली जुनी मजा आहे आणि त्या कालवणाची चव सांगणारे अनेक जण भेटतील. पण हे मासे चढतात ते अंडी घालायला. माद्यांच्या पोटात गाबोळी असते. पूर्वी घरापुरते चार मासे धरले जात. आता ओढ्याच्या अरुंद जागी आडवं जाळं लावलं की एका रात्रीत अख्खा थवा संपतो. यांत्रिक बोटींना समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामागे हेच प्रजननाचं कारण आहे. ओढ्यावर मात्र बहुधा पाहायला कुणी नसतं. विष किंवा स्फोटकं वापरणं तर सरळ गुन्हा आहे.

गळाला लागलेलं सगळंच खायचं नसतं

वर ओढल्यावर फुग्यासारखा फुगणारा मासा म्हणजे केंड. तो खाडीत गळाला सहज लागतो. त्याच्या अंगात असलेलं विष शिजवूनही जात नाही. गरी काढा आणि सोडून द्या. दातांपासून बोटं जपा, ते तंगूसही तोडतात.

शेंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात. ती टॉवेलात धरून पक्कडीनेच सोडवायची. उथळ वाळूत चालताना पाकटाच्या शेपटीचा काटा लागू शकतो, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे पाकट आधीच सरकतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा, या विषाची आग उष्णतेने कमी होते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. काटा खोल असेल, छातीत किंवा पोटात लागला असेल, तर तो उपसून न काढता थेट दवाखाना गाठा.