नुहैला बेन्झिना : बचावफळीतील एक कारकीर्द

३० जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरात महिला विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील मोरोक्को विरुद्ध दक्षिण कोरिया हा सामना झाला. मोरोक्कोच्या पहिल्या अकरा खेळाडूंत नुहैला बेन्झिना ही पंचवीस वर्षांची बचावपटू होती. तिने डोक्याला हिजाब बांधला होता. महिलांच्या वरिष्ठ गटाच्या विश्वचषकात हिजाब घालून खेळलेली ती पहिली खेळाडू. तिचे छायाचित्र जगभर छापले गेले. चर्चा मात्र डोक्यावरच्या त्या कापडाचीच जास्त झाली. ती त्या मैदानावर कोणत्या वाटेने पोहोचली, हे समजून घेतले तर एका नियमाचा इतिहासही आपोआप समोर येतो.

फुटबॉलमध्ये नाव होते ते गोल करणाऱ्याचे. बचावपटूचे काम गोल होऊ न देण्याचे, म्हणजे जे घडले नाही तेच तिचे श्रेय. समोरची आक्रमक खेळाडू कोणत्या पायाने चेंडू मारते, ती मधूनच कधी वळते, आपल्या शेजारची सहकारी जागेवरून हलली तर तिची जागा कोणी भरायची, चौघींनी मिळून एक रेषा धरून पुढे कधी सरकायचे आणि मागे कधी यायचे, याची सवय वर्षानुवर्षांच्या सरावातून लागते. लहानपणची दोन-चार वर्षे हातची गेली तर ती सहसा भरून येत नाहीत. म्हणून नुहैलाच्या वयाचा हिशोब नियमांच्या तारखांशेजारी ठेवून पाहावा लागतो.

नुहैलाचा जन्म ११ मे १९९८ चा, मोरोक्कोतील केनित्रा शहरातला. राजधानी रबातच्या उत्तरेला सेबू नदीकाठी हे बंदर आहे. फ्रेंच अमलात त्याचे नाव एका फ्रेंच सेनापतीवरून 'पोर लिओते' असे ठेवले होते. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर जुने नाव परत आले.

नुहैला आठ वर्षांची असताना, फेब्रुवारी २००७ मध्ये, दूर कॅनडातील क्वेबेक प्रांतात मुलींच्या एका स्पर्धेत अकरा वर्षांच्या एका मुलीला पंचांनी हिजाब काढायला सांगितले. तिने नकार दिला आणि तिला मैदानाबाहेर जावे लागले. तिच्या सोबतिणींनी ती नसेल तर आम्हीही खेळणार नाही असे ठरवले आणि संपूर्ण संघ स्पर्धा सोडून गेला. प्रकरण नियम ठरवणाऱ्या सर्वोच्च मंडळापर्यंत पोहोचले. आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन बोर्ड हे मंडळ १८८६ पासून खेळाचे नियम ठरवत आले आहे. त्यात चार मते ब्रिटनमधील चार संघटनांची आणि चार मते 'फिफा' या जागतिक संघटनेची. मार्च २००७ मध्ये मंडळाने पंचांचीच बाजू घेतली. खेळाडूच्या पोशाखाच्या नियमात जे लिहिलेले नाही ते घालता येणार नाही, असा त्याचा अर्थ झाला. पुढे कारण सांगितले गेले ते सुरक्षेचे : कापड ओढले गेले तर गळ्याला फास बसेल.

नुहैला तेरा वर्षांची झाली तेव्हा या नियमाचा सर्वांत मोठा फटका बसला. ३ जून २०११ रोजी जॉर्डनची राजधानी अम्मान येथे इराण आणि जॉर्डन यांच्यात लंडन ऑलिम्पिकच्या पात्रतेचा सामना होता. इराणच्या मुली डोके आणि मान झाकणारा पोशाख घालून मैदानात उतरल्या. सामना सुरू होण्याआधीच तो थांबवला गेला आणि जॉर्डन ३-० ने विजयी ठरले. मैदानावर उभ्या राहून रडणाऱ्या त्या मुलींची छायाचित्रे तेव्हा सर्वत्र आली होती. त्यांची कोंडी नीट समजून घ्यायला हवी. डोके झाकले नाही तर त्यांच्या देशाचा कायदा त्यांना खेळू देत नव्हता आणि डोके झाकले तर खेळाचा कायदा खेळू देत नव्हता. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारे वेगळेच होते. खेळणाऱ्या मुलीला काय हवे आहे, हे कोणी विचारले नाही.

त्याच वर्षी जॉर्डनचे राजपुत्र अली बिन अल हुसेन फिफाचे उपाध्यक्ष झाले होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांचा मुद्दा साधा होता. धोका कापडाचा असेल तर कापड बदला, मुलीला का काढता? गळ्याशी गाठ नसलेले, ओढताच सुटून येणारे नमुने तयार करण्यात आले. हिजाबामुळे खेळाडूंना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात सापडत नव्हत्या. ५ जुलै २०१२ रोजी मंडळाने प्रायोगिक परवानगी दिली आणि १ मार्च २०१४ रोजी ती कायम केली. अटी घातल्या त्या अशा : रंग काळा किंवा सदऱ्याचाच असावा, ते सदऱ्याला जोडलेले नसावे, त्याचा कोणताही भाग लोंबता नसावा आणि त्यापासून कोणालाही धोका नसावा. हीच मुभा पुरुष खेळाडूंनाही मिळाली, त्यामुळे पगडी बांधणाऱ्या शीख खेळाडूंचा प्रश्नही सुटला. २०१३ मध्ये त्याच क्वेबेक प्रांतात पगडीवरून वाद पेटलेला होता. एका समाजाच्या मुलींसाठी उघडलेल्या दरवाजातून दुसऱ्या समाजाची मुलेही आत आली.

मार्च २०१४ मध्ये नुहैला पंधरा वर्षांची होती. बंदी आणि परवानगी यांच्यात गेलेली सात वर्षे तिच्या बालपणातच सरली. ती दहा वर्षे आधी जन्मली असती तर? २००७ मध्ये ती अठरा-एकोणीसची असती आणि नियम बदलेपर्यंत पंचविशी ओलांडून गेली असती. खेळाडूच्या आयुष्यातले ऐन उमेदीचे दिवस बंद दरवाजापुढे गेले असते. अशा मुली कितीतरी असतील. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, कारण त्यांची कारकीर्द सुरूच झाली नाही.

मात्र नियम बदलला म्हणजे खेळाडू तयार झाली, असे होत नाही. नुहैला रबातच्या 'ए.एस. फार' या क्लबाकडून खेळू लागली. १९५८ मध्ये स्थापन झालेला हा लष्कराचा क्लब. त्याचा महिला संघ देशात सर्वांत बलाढ्य. २०२० मध्ये मोरोक्कोच्या फुटबॉल महासंघाने महिलांसाठी दोन स्तरांची व्यावसायिक लीग उभारली. खेळाडूंना करार आणि ठरलेला पगार मिळू लागला. जुलै २०२२ मध्ये मोरोक्कोत झालेल्या आफ्रिकी स्पर्धेत यजमान संघ अंतिम फेरीत पोहोचला, दक्षिण आफ्रिकेकडून २-१ ने हरला, पण विश्वचषकाची पात्रता मिळवून बसला. महिला विश्वचषकात पोहोचलेला तो पहिला अरब देश. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ए.एस. फारने आफ्रिकेतील क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली.

विश्वचषकाची सुरुवात मात्र वाईट झाली. २४ जुलै २०२३ रोजी मेलबर्नमध्ये जर्मनीने मोरोक्कोला ६-० असे हरवले. त्या सामन्यात नुहैला खेळली नव्हती. सहा गोल खाल्लेल्या बचावफळीत तिला सहा दिवसांनी उतरवण्यात आले. सहाव्याच मिनिटाला इब्तिसाम जराईदीने हेडरने गोल केला. त्यापुढचा सगळा वेळ ती एका गोलची आघाडी सांभाळायची होती. मोरोक्कोच्या बचावाने ती सांभाळली आणि सामना १-० असा जिंकला. अरब देशाचा महिला विश्वचषकातला हा पहिला विजय. ३ ऑगस्टला पर्थमध्ये कोलंबियावरही १-० असाच विजय मिळाला. स्पर्धेत प्रथमच आलेल्या आठ संघांपैकी बाद फेरी गाठणारा मोरोक्को हा एकमेव संघ ठरला आणि जर्मनी घरी गेली. या संघात बहुतेक मुली हिजाबाशिवाय खेळत होत्या. एकीने हिजाब बांधला म्हणून दुसरीची अडचण झाली नाही आणि इतरांनी बांधला नाही म्हणून हिची झाली नाही.

बाद फेरीत, ८ ऑगस्टला, समोर आला फ्रान्स. सामना मोरोक्कोने ४-० असा गमावला. पण त्या दिवशी धावफलकाखेरीजही एक गोष्ट दिसत होती. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांत हिजाबाला मनाई केलेली. 'इजाबूझ' या नावाने एकत्र आलेल्या खेळाडूंनी तिला आव्हान दिले होते. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी वैध ठरवली. म्हणजे जो पोशाख नुहैलाला विश्वचषकात घालता आला, तोच पोशाख फ्रान्समधील मुलीला गावपातळीवरच्या अधिकृत सामन्यात घालता येत नव्हता. फ्रान्सच्या बचावफळीत मोरोक्कन आईवडिलांची मुलगी साकिना करशाऊई खेळत होती. एकाच मुळाच्या दोन बचावपटू, दोन देशांचे दोन कायदे.

पुढे जुलै २०२५ मध्ये मोरोक्को पुन्हा आफ्रिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. नायजेरियाविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊनही अखेर ३-२ ने हरला. या संघातही नुहैला होती. बचावपटूच्या वाट्याला असे दिवस यायचेच.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात मोरोक्कोने भारताला ३-० ने हरवले. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाला चार कोटींहून कमी लोकसंख्येच्या देशाने हरवले, ते मुलींना मैदान, प्रशिक्षक आणि पगार देऊन. आपल्या उर्दू शाळांतही पाचवी-सहावीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात. आठवीत त्या मैदानाच्या कडेला बसू लागतात. घरचे म्हणतात, या कपड्यांत खेळणे शोभत नाही. बाहेरचे म्हणतात, या कपड्यांत खेळता येत नाही. दोघांचे म्हणणे वेगळे, परिणाम एकच : मुलगी कडेला. तेरा ते पंधरा हीच ती वर्षे, ज्यांत नुहैलासारखी खेळाडू घडते.

हिजाब घालावा की घालू नये, हा त्या मुलीचा निर्णय आहे. शाळेच्या हाती आहे ते मैदान आणि पालकांच्या हाती आहे ती संध्याकाळची एक तासाची परवानगी. आठवीतल्या मुलीसाठी एवढे जरी झाले, तरी पुढचे ती स्वतःच्या मेहनतीने मिळवील.